डिझेलचा हिशेब : पिकअपचे ॲव्हरेज कसे वाढवाल?

मालेगावहून कापडाच्या गाठी घेऊन भिवंडीला जाणारा व्यापारी असो, गाद्या पोहोचवणारा पिंजारी असो, की कपाटे-पलंग घेऊन फिरणारा सुतार असो, आज प्रत्येकाच्या धंद्यात पिकअप गाडी आलेली आहे. काहींची स्वतःची असते, काहींची हप्त्यावर घेतलेली असते. गाडीचा हप्ता, विमा, पासिंग आणि ड्रायव्हरचा पगार हे खर्च ठरलेले असतात. त्यात आपल्या हातात फारसे काही नसते. डिझेलचा खर्च मात्र बराचसा आपल्या हातात असतो, आणि नेमका त्याचाच हिशेब सर्वात कमी ठेवला जातो.

डिझेल जास्त जाते असे वाटू लागले की मालक साधारणपणे दोन गोष्टी करतो. एक म्हणजे ड्रायव्हरवर संशय घेतो. दुसरी म्हणजे कोणी सांगितलेले एखादे यंत्र किंवा औषध विकत आणून गाडीला लावतो. पहिल्या गोष्टीने माणूस दुखावतो, दुसरीने पैसा जातो. डिझेल कुठे जाते हे मात्र कळत नाही. ते कळण्यासाठी लागते एक वही, एक पेन आणि दोन-तीन महिन्यांचा धीर. या लेखात ती वही कशी ठेवावी आणि त्यातून काय दुरुस्त करावे, हे पाहू.

बचत म्हणजे किती?

समजा, आपली गाडी महिन्याला २,५०० किलोमीटर चालते आणि लिटरला १२ किलोमीटर देते. म्हणजे महिन्याला सुमारे २०८ लिटर डिझेल लागते. तीच गाडी १४ किलोमीटर देऊ लागली तर सुमारे १७९ लिटर लागेल. डिझेलचा भाव ९० रुपये धरला तर महिन्याला सुमारे २,७०० रुपये आणि वर्षाला ३२ हजार रुपयांच्या वर बचत होते.

आता हेच २,७०० रुपये माल विकून मिळवायचे झाले तर? धंद्यात पाच टक्के नफा सुटत असेल, तर त्यासाठी महिन्याला सुमारे ५४ हजार रुपयांचा जादा माल विकावा लागेल. त्यासाठी भांडवल लागेल, उधारी द्यावी लागेल, वसुलीसाठी फिरावे लागेल. डिझेलच्या बचतीला यातले काहीच लागत नाही.

वही कशी ठेवावी?

ॲव्हरेज काढण्याची खात्रीची रीत म्हणजे टाकी फुल ते टाकी फुल. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत डिझेल भरावे. त्यानंतर गाडी हलवून गळ्यापर्यंत भरू नये. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. गाडी निदान तीन-चारशे किलोमीटर चालली की पुन्हा, शक्यतो त्याच पंपावर, तशीच टाकी भरावी. मधल्या काळात चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर म्हणजे आपले ॲव्हरेज. पाचशे-हजार रुपयांचे डिझेल टाकत राहिल्यास हा हिशेब कधीच लागत नाही, कारण टाकीत आधी किती होते हे कोणालाच माहीत नसते.

वहीत सहा रकाने पुरेत : तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, मालाचे अंदाजे वजन आणि रस्ता. शेवटचे दोन रकाने लोक सोडून देतात, पण खरी माहिती त्यातच असते. भरलेल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे, गावातल्या गल्लीचे आणि महामार्गाचे ॲव्हरेज सारखे येत नाही.

एका टाकीच्या आकड्यावरून कधीही निकाल देऊ नये. पंपाचे नोझल एखाद-दोन लिटर आधी बंद झाले तरी आकडा बदलतो. चार-पाच वेळच्या भरण्याची बेरीज करून सरासरी काढावी.

चढण-उताराचा हिशेबही लक्षात घ्यावा. भिवंडी समुद्रसपाटीच्या जवळ आहे, तर इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. गाडी आणि माल मिळून तीन टन वजन एवढ्या उंचीवर न्यायला, रस्ता कापण्याच्या डिझेलव्यतिरिक्त, साधारण सव्वा ते दीड लिटर डिझेल लागते. म्हणून मालेगावहून भिवंडीला जाताना ॲव्हरेज चांगले दिसते आणि परतताना पडते. जो मालक फक्त परतीचा आकडा पाहतो, तो ड्रायव्हरवर विनाकारण संशय घेतो. मोजायचे ते जाणे-येणे मिळून.

गाडीला कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर मीटर खऱ्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो. मग ॲव्हरेज कागदावर पडलेले दिसते, प्रत्यक्षात तितके पडलेले नसते.

वेग : सर्वात मोठी गळती

गाडीला पुढे जाताना हवा बाजूला सारावी लागते. हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ६० च्या वेगाने जाणारी गाडी ८० ने चालवली, तर वेग एक-तृतीयांशाने वाढतो, पण हवेचा विरोध पावणेदोन पटीहून जास्त होतो. पिकअपचे तोंड चपटे आणि अंग उंच असते. त्यामुळे मोटारीपेक्षा तिला हा फटका जास्त बसतो.

पेट्रोलियम पदार्थांच्या बचतीसाठी १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था (पीसीआरए) वाहनचालकांना अनेक वर्षांपासून ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगाचा सल्ला देत आली आहे. महामार्गावर नेहमीच एवढा कमी वेग ठेवणे जमणार नाही. पण ८० ऐवजी ६० च्या आसपास एकसारखी चालवणे जमते. मालेगाव ते भिवंडी सुमारे २४० किलोमीटर आहे. कागदावर ८० च्या वेगाने तीन तास आणि ६० च्या वेगाने चार तास होतात. पण टोल, गावे, घाट आणि शहरातली कोंडी धरता हा एक तास प्रत्यक्षात कधीच पूर्ण वाचत नाही. पुढच्या ट्रकपर्यंत जोरात जायचे आणि ब्रेक मारायचा, यात आधी जाळलेले डिझेल ब्रेकच्या उष्णतेत जाते. लांबवर पाहून आधीच पाय उचलणारा ड्रायव्हर मालकाचे पैसे वाचवतो.

मात्र यात मालकाचीही जबाबदारी आहे. माल उशिरा भरून द्यायचा आणि "नऊच्या आत पोहोचलास पाहिजे" असे सांगायचे, तर ड्रायव्हर गाडी पळवणारच. अशा वेळी वाढलेला डिझेलचा खर्च त्याच्या नव्हे, आपल्या खात्यावर लिहावा.

उभी गाडी, चालू इंजिन

मार्केटमध्ये माल उतरवताना, जकात नाक्यासारख्या जुन्या रांगांची सवय म्हणून, किंवा चहा पिताना इंजिन चालू ठेवण्याची रीत अजून गेलेली नाही. पिकअपचे डिझेल इंजिन उभ्या-उभ्या तासाला सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त डिझेल पिते. दिवसात तीन ठिकाणी अर्धा-अर्धा तास असे उभे राहिले, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत १८-१९ लिटर डिझेल एक किलोमीटरही न चालता संपते. म्हणजे सुमारे १,७०० रुपये.

एक-दोन मिनिटांहून जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. टर्बो असलेली गाडी घाट चढून किंवा जोरात चालून आली असेल, तर मात्र मिनिटभर इंजिन संथ चालू देऊन मग बंद करावे, म्हणजे टर्बो टिकतो. बॅटरी कमजोर असल्यामुळे ड्रायव्हर इंजिन बंद करायला घाबरत असेल तर बॅटरी बदलावी. तिचा खर्च काही महिन्यांत वसूल होतो.

टायर आणि चाके

टायरमध्ये हवा कमी असली की टायर रस्त्यावर दबून चालतो आणि इंजिनला जास्त ओढावे लागते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार, टायरमधली हवा सरासरी एक पीएसआय कमी झाली की सुमारे ०.२ टक्के ॲव्हरेज घटते. आकडा लहान वाटतो, पण दहा पीएसआय कमी असणे आपल्याकडे काही विशेष मानले जात नाही. शिवाय दबलेला टायर तापतो, कडेने झिजतो आणि उन्हाळ्यात भरलेल्या गाडीखाली फुटतो.

हवेचे प्रमाण गाडीच्या दारावरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असते. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असतात. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. मालेगावसारख्या ठिकाणी शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. तीच वेळ टायर तपासण्यासाठी ठरवून टाकावी. स्वतःचा चांगला गेज विकत घ्यावा, कारण पंक्चरच्या दुकानातला गेज बरोबर असेलच असे नाही. सांगितलेल्यापेक्षा जास्त हवा भरून ॲव्हरेज वाढवण्याचा मोहही टाळावा. पावसात पकड कमी होते आणि ब्रेक लागायला वेळ लागतो.

ब्रेकचे लायनर चाकाला घासत असतील तर गाडी कायम अर्धा ब्रेक दाबल्यासारखी चालते. याची साधी परीक्षा म्हणजे, सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल करून दोघांनी ढकलून पाहावी. रिकामी गाडी सहज सरकली पाहिजे. प्रवासानंतर एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले वाटले तर फिटरला दाखवावे. हात लावताना जपून, कारण ड्रम भाजेल इतका तापलेला असू शकतो. अलाईनमेंट बिघडली असेल तर टायर तिरका घासत चालतो. त्यात टायरही जातो आणि डिझेलही.

माल कसा भरावा?

गाडीच्या हौद्यात काय काय पडून असते ते एकदा उतरवून पाहावे. जुन्या साखळ्या, लोखंडी स्टँड, दुरुस्तीला म्हणून टाकलेले आणि विसरलेले भंगार असे शंभरेक किलो वजन वर्षभर विनाभाडे फिरत असते. वजन वाढले की प्रत्येक वेळी गाडी उचलताना आणि चढावर डिझेल जास्त लागते.

हलक्या पण उंच मालाची गोष्ट वेगळी आहे. गाद्या, फोम, प्लास्टिकचे सामान यांना वजन नसते, पण केबिनच्या वर तीन फूट गेलेला ढीग हवेला भिंतीसारखा अडवतो. असा माल शक्य तितका केबिनच्या उंचीत बसवावा, ताडपत्री ताणून बांधावी. फडफडणारी ताडपत्री आवाज करते, फाटते आणि गाडीला मागे ओढते. गाडी रिकामी झाल्यावर वरच्या लोखंडी कमानी काढता येत असतील तर काढून ठेवाव्यात.

फाळक्याविषयी एक गैरसमज आहे. रिकामी गाडी धावताना मागचा फाळका उघडा ठेवला की हवा निघून जाते आणि ॲव्हरेज वाढते, असे अनेक जण सांगतात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने पिकअप गाड्या वायुबोगद्यात ठेवून तपासल्या. त्याचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला, तो असा, की फाळका बंद ठेवावा. बंद हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरून येणारी हवा त्यावरून घसरून जाते. फाळका उघडला की तो भोवरा मोडतो. हौद्यावर सपाट ताणलेली ताडपत्री असेल तर आणखी चांगले.

जास्त माल भरला की खेप वाचते, असा हिशेब मांडला जातो. पण ठरलेल्या क्षमतेच्या वर भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये रडत चालते, तिचे पाटे, क्लच आणि टायर लवकर जातात. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार जादा मालासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. एकदा पकडले गेल्यास वर्षाची बरीचशी बचत एका पावतीत जाते.

याउलट रिकामी फेरी हा सर्वात महाग प्रवास आहे. गाडीचे स्वतःचे वजन दीड टनाच्या पुढे असते आणि ते प्रत्येक फेरीत ओढावेच लागते. म्हणून अर्ध्या भरलेल्या दोन फेऱ्यांपेक्षा पूर्ण भरलेली एक फेरी नेहमी स्वस्त पडते. शेजारच्या दोन-तीन दुकानदारांनी मिळून वार ठरवून घेतले, एकाचा जाण्याचा माल आणि दुसऱ्याचा परतीचा माल जुळवला, तर जेवढे डिझेल वाचेल तेवढे कोणत्याही दुरुस्तीने वाचणार नाही.

घाटात न्यूट्रल नको

कसारा किंवा खंडाळ्याचा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय फार जुनी आहे. ती चुकीची आहे आणि जिवावर बेतणारी आहे. आजच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठा जवळपास बंद होतो, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केल्यावर मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत होत नाही, उलट खर्च होतो. शिवाय इंजिनचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागेनासे होतात. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून घातक, कारण ब्रेकची आणि स्टेअरिंगची ताकदच जाते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा. आपल्या ड्रायव्हरला ही गोष्ट स्पष्ट सांगावी. चार रुपयांच्या डिझेलसाठी त्याच्या घरच्यांना रडायची वेळ येऊ नये.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळील आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळून बोगद्यातून जाण्याची सोय झाली आहे. तिथे टोल जास्त, पण थांबणे कमी. कोणता रस्ता परवडतो हे ऐकीव गोष्टीवरून ठरवू नये. दोन खेपा इकडून आणि दोन तिकडून करून टोल व डिझेल मिळून वहीत लिहावे.

देखभाल आणि धूर

धूर पाहून इंजिनची प्रकृती कळते. काळा धूर म्हणजे हवा कमी आणि डिझेल जास्त : एअर फिल्टर तुंबला असेल किंवा इंजेक्टर बिघडला असेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेतील मुदतीआधीच पाहावा. डिझेल फिल्टरमधले पाणी वेळेवर काढावे. ऑईल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच घालावे. जाड ऑईल घातले की इंजिन मजबूत राहते, ही समजूत आजच्या इंजिनांना लागू नाही.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल पिकअपच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी फक्त गल्लीतल्या छोट्या फेऱ्या करत असेल तर तो भरतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि ॲव्हरेज पडते. अशी गाडी अधूनमधून महामार्गावर काही वेळ एकसारख्या वेगाने चालवावी, म्हणजे साठलेली काजळी जळून जाते. हा फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. ते बेकायदेशीर आहे आणि गाडी पासिंगला अडकते.

चुंबक, गोळ्या आणि जादूच्या डब्या

डिझेलच्या नळीला लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, "तीस टक्के बचत" अशी जाहिरात असलेल्या डब्या बाजारात नेहमी येतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारे एकही साधन तिला आढळले नाही. काहींमुळे इंजिनचे नुकसानही होऊ शकते. अशी वस्तू लावल्यावर काही दिवस फरक पडल्यासारखा वाटतो, कारण त्या दिवसांत मालक आणि ड्रायव्हर दोघेही जपून गाडी चालवतात. ते जपणे फुकट मिळते, त्यासाठी डबी विकत घ्यावी लागत नाही.

दोन गाड्या असतील तर

एक लिटरला १० किलोमीटर देते आणि दुसरी १६. आधी कोणत्या गाडीवर पैसे खर्च करावेत? १० ची गाडी १२ वर आली तर हजार किलोमीटरमागे सुमारे १७ लिटर वाचतात. १६ ची १८ वर आली तर फक्त ७ लिटर. दोन्हीत वाढ दोन किलोमीटरचीच आहे, पण बचतीत दुपटीहून जास्त फरक आहे. म्हणून आधी वाईट गाडी दुरुस्त करावी, आणि लांबच्या खेपा चांगल्या गाडीला द्याव्यात.

ड्रायव्हरला सोबत घ्या

हे सर्व मालकाने दुकानात बसून होणार नाही. स्टेअरिंग ज्याच्या हातात आहे त्यालाच ते करायचे आहे. म्हणून वही ड्रायव्हरसमोर भरावी आणि आकडे त्यालाही दाखवावेत. तीन महिन्यांची सरासरी काढून, त्यावर जे डिझेल वाचेल त्यातला ठरलेला हिस्सा त्याला द्यावा, आणि तो दर महिन्याला न चुकता द्यावा. एखाद्या महिन्यात ॲव्हरेज पडले तर पगार कापण्याआधी मालाचे वजन, रस्ता, टायर आणि ब्रेक तपासावेत.

वही दोघांनाही न्याय देते. खरोखर चोरी होत असेल तर, बाकी सर्व ठीक असूनही, ती महिन्यामागून महिना आकड्यांत दिसते. आणि होत नसेल, तर रात्री-अपरात्री आपला माल सुखरूप पोहोचवणाऱ्या माणसावर आळ घेण्याच्या चुकीपासून आपण वाचतो.

पुढच्या वेळी टाकी भरताना नोझल बंद होईपर्यंत भरा, किलोमीटरचा आकडा लिहा, आणि सुरुवात करा.